एन्जॉय केलं. काय?

इंग्लंडमधल्या लीड्सच्या ऑफिसात रुजू झाले, त्याचा तिसराच सोमवार. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चहा ढवळत विचारलं, वीकेंड कसा गेला? मी झोकात म्हणाले, "वी एन्जॉइड अ लॉट!" त्यांचा चमचा कपातच थांबला. भुवया वर. पुढचा शब्द यायची वाट बघत होत्या बिचाऱ्या, आणि माझं तर वाक्य संपलं होतं.

तिथल्या रोजच्या बोलण्यात 'एन्जॉय'ला कर्म लागतं. एन्जॉइड द वॉक, एन्जॉइड द फिल्म. नेमकं काही सांगायचं नसेल तर वी एन्जॉइड अवरसेल्व्ज. हे शेवटचं माझ्या तोंडात बसायला वर्ष गेलं. स्वतःच स्वतःचा आस्वाद घेतल्यासारखं वाटायचं! हॉटेलातला वेटर मात्र ताट ठेवून नुसतं 'एन्जॉय!' म्हणतो, ते चालतं. कर्म समोर वाफाळतच असतं म्हणा.

परवा सुट्टीवर गिरगावात आले. भाचा माथेरानहून परतला होता. लाल मातीने माखलेले बूट दारात भिरकावून ओरडला, "मावशी, जाम एन्जॉय केलं!" कानाला काही म्हणजे काही खटकलं नाही.

का, ते रात्री पंख्याकडे बघत पडल्यावर सुचलं. आपण म्हणतो ट्रिप एन्जॉय केली, पिक्चर एन्जॉय केला. क्रियापद कर्माचं लिंग घेतं. कर्म नसलं की नपुंसकलिंगी 'केलं'. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरावी, तशी या 'केलं'ने कर्माची जागा धरलेली असते. इंग्रजी 'एन्जॉइड'कडे तो रुमाल नाही.

गंमत म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमधून इंग्रजीत आलं तेव्हा हे क्रियापद अकर्मकच होतं. अर्थ, आनंदात असणे. कर्म पुढच्या शतकात चिकटलं. म्हणजे मी चुकले नव्हते, फक्त सहाशे वर्षं उशिरा पोचले होते.

सकाळी हे सगळं आईला ऐकवलं. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "त्यापेक्षा मजा आली म्हणावं. ती आपली आपण येते."

भाच्यावर मात्र प्रयोग केलाच. "काय एन्जॉय केलंस रे?"

"काय म्हणजे? एन्जॉय केलं!"