गवार भांडुपपर्यंत

मंगळवारी दुपारी गवार मोडायला बसले आणि चार शेंगा होतात न होतात तोच मान आपोआप वर गेली. कुठलं स्टेशन आलं ते बघायला. समोर फ्रिज होता.

सव्वीस वर्षं मी संध्याकाळी सीएसएमटीहून ठाण्याला स्लो लोकलने आले. फास्टमध्ये बसायला मिळायचं नाही आणि उभ्याने मेथी निवडता येत नाही. आमच्या डब्यात भाजी स्टेशनांवर मोजायची पद्धत होती. मेथीची जुडी दादरपर्यंत. अर्धा किलो मटार कुर्ल्यापर्यंत, शेजारणीने निम्मे तोंडात टाकले नाहीत तर. लसूण घाटकोपरच्या आत संपवायचा, कारण तिथे मेट्रोची गर्दी चढली की कोपर हलत नाही. गवार सगळ्यात चिवट, ती भांडुपला जायची. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तिच्यात म्हणे चारशे पाहुणे होते. एकाच्याही मांडीवर भाजीची पिशवी नसणार. चौतीस किलोमीटर नुसते बसून काढले बिचाऱ्यांनी.

सुरीने चिरलेली गवार मी खात नाही. शिरा तशाच राहतात हे झालं सांगायचं कारण. खरं कारण आजी. ती दुपारी उंबऱ्याशी सूप घेऊन बसायची आणि मला समोर बसवून शेंगा मोडायला लावायची. "हाताला काम असलं की तोंड गप्प राहतं," म्हणायची, आणि मग दोन तास स्वतःच बोलायची. कुणाच्या लग्नात कोण रुसलं, कुठल्या विहिरीला पाणी गोड. शेंग मोडल्याचा तो बारीक टक् आवाज आला नाही तर तिला न बघताच कळायचं, पोरगी झोपली.

गाडीत मात्र माझ्या तोंडी एकच, सवड मिळू दे गं एकदा. तलावपाळीला नुसतं बसायचंय, गडकरीला दुपारचं नाटक बघायचंय, पेटी शिकायचीय. डोंबिवलीवाली मटार सोलता सोलता म्हणायची, "बसलीयेस ना आत्ता? मग?" मला तिचा रागच यायचा.

गेल्या जूनमध्ये रिटायर झाले. तलावपाळीला दोनदा गेले. दुसऱ्यांदा बाकावर बसल्या बसल्या तीन वेळा घड्याळ बघितलं. पेटीच्या सरांनी रोज तासभर रियाज सांगितला, तर म्हटलं, बघते, सवड झाली की. मुलगा निवडलेल्या मेथीचं पाकीट मागवतो. "आई, तुझा वेळ वाचतो." वाचतो खरा. कुठे जातो ते त्यालाही विचारलं नाही.

गवार संपली तेव्हा घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे भांडुप. अजून नाहूर, मुलुंड बाकी.

उठून लसणाचा गड्डा आणला.