बघून केलेलं तिखलं

२८ मे, रात्री साडेअकरा

"बघून केलंस काय गो?"

माईंनी बांगड्याच्या तिखल्याचा पहिला घास घेतला आणि एवढंच विचारलं. मी "नाय माई" म्हणाले आणि मिठाची बरणी उगाच इकडची तिकडे केली. पुढे त्या काही बोलल्या नाहीत. "तसा बरा झाला हा," म्हणत भात संपवला, बांगड्याचा काटा रोजच्यासारखा ताटाच्या कडेला नीट लावून ठेवला आणि उठल्या. रागावल्या नव्हत्या, नावंही ठेवत नव्हत्या. मग मला एवढं का लागलं?

आणि मी खोटं का बोलले? कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तो कागद मी आईच्या शेवटच्या जानेवारीत केला. तिच्या मुठीतून पडेल ते मध्येच वाटीत झेलायचं, मोजायचं, मगच टोपात जाऊ द्यायचं. ती वैतागायची. "मोजतंस काय, बघ!" पण मी मोजलं. बांगडे ४, मिरच्या १०, धणे दीड चमचा, अर्धी कवड खोबरं, तिरफळं ८, सोलं म्हणजे आमसुलं ५. तोवर तिचं एकच माप मला माहीत होतं, 'अंदाजान'. घरात कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे, १९७० साली आलेलं, वाटी-चमच्याच्या मापाने सगळं नीट सांगणारं. त्यावरचे तुपाचे डाग शंकरपाळ्यांचे. मासळीसाठी आईने ते कधी उघडलं नाही. आणि आईचा अंदाज आईबरोबर जाणार हे दिसत होतं, म्हणून कागद.

आज सगळं त्या कागदाप्रमाणे केलं. वाटप बारीक केलं. बांगडे सोडल्यावर डाव लावला नाही, टोपाचे कान धरून नुसता गोल हलवला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, यांत्रिक होड्या वर ओढलेल्या असणार, म्हणून सांगितला तो भाव देऊन मासळी आणली. एवढं करून काय, तर बघून केलंस काय.

दुपारी लेखाला बसले तेव्हाही डोक्यात तेच. दिवाळी अंकाला जूनअखेर द्यायचाय. तीन परिच्छेद झालेत, चूक एकही नाही, आणि मलाच वाचवत नाहीत. सकाळी आमसुलांसाठी रातांबे फोडायचे, मग स्वयंपाक, उरल्या वेळात लिहायचं, आणि कुठेच कुणी म्हणत नाही की... जाऊ दे. दादाचा फोनही आजच यायचा होता. तो विषय नको.

तिसरा परिच्छेद पुन्हा वाचला आणि माईंचा आवाजच ऐकू आला. हो, बघूनच केलाय. विहिरीवरचा लेख चार वर्षांपूर्वी जमून गेला, लोकांनी आपणहून फोन केले. तेव्हापासून माझा प्रत्येक लेख तसाच. आधी एक जुनी वस्तू, मग आजीचं एखादं वाक्य, मग पाऊस, शेवटी जरा गप्प. हा कागद कुठे चिकटवलेला नाही, एवढाच फरक. त्याच्याबद्दल कुणी विचारलं असतं तरी मी "नाय" म्हणाले असते.

संध्याकाळी तिरफळांची बरणी काढली. तिरफळं ओली, हिरवी मिळतात ती गणपतीच्या सुमारास. वाळली की तोंड उघडतात, मग आतलं बी काढून टाकायचं आणि नुसती टरफलं भरून ठेवायची. लहानपणी मला ते बी टाकवत नसे. काळंभोर, काचेच्या मण्यासारखं, अख्ख्या तिरफळात देखणं तेच. आणि दाताखाली आलं की कचकच. बरणीतलं एक टरफल चुरडून नाकाशी धरलं. वास होता, पण कुठूनतरी लांबून आल्यासारखा. कागदावरची ८ तिरफळं जानेवारीतली, जेमतेम चार महिन्यांची. आजची तीच ८, पण नऊ महिने बरणीत पडलेली.

आई दर वेळी तिरफळ चिमटीत चुरडून हुंगायची. नारळाचा तुकडा चावून बघायची, जून आहे की कोवळा, तेल किती सुटतंय, मग किती खोवायचा ते ठरवायची. बांगड्याचा कल्ला उचलून बघायची. मला ती सगळी तिची सवय वाटली. खरं मोजणं तिथेच चाललेलं असायचं, आणि मी वाटी घेऊन टोपाशी उभी.

विहिरीवर लिहिलं तेव्हा मी रोज त्या विहिरीवर जात होते. रहाटाचा दोर कुठे झिजलाय ते हाताला माहीत होतं. आता समुद्रावर लिहितेय आणि दोन महिन्यांत बंदरावर गेले ती बांगडे आणायला, तेही पिशवी भरली की मागे वळले.

आता एवढं वाईट वाटत नाही. खरं तर माईंनी भात दुसऱ्यांदा घेतला होता. मघाशी मी ते लिहिलंच नाही.

रातांब्याच्या सालींना आज तिसरं पूट दिलं. वाळवायच्या, मीठ घातलेल्या रसात घोळवायच्या, परत उन्हात, परत रसात. हात कोपरापर्यंत लाल. आमसूल एका दिवसात होत नाही याचा मला आजवर कधी राग आलेला नाही. लेखाचा मात्र तिसऱ्या दिवशी येतो.

लेखातली शेवटची ओळ, सगळ्यांत चकचकीत होती ती, काढून टाकली. कागदावर ८ च्या बाजूला पेन्सिलीने 'जानेवारी' लिहिलं. मग राहवेना, माईंच्या खोलीच्या दाराशी गेले.

"माई, झोपलात?"

"नाय."

"मघा मी बघूनच केलं होतं."

"माका म्हायत हा." कूस बदलल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं. तर अंधारातून म्हणाल्या, "सोलां नवी हत ती. तीनच घालूची."

सोलं माझ्या लक्षातच आली नव्हती. गेल्या आठवड्यात माझ्याच हातांनी वाळवून भरलेली, जाड, रसाने जड.

बाहेर वारा फिरलाय. साली आत घ्याव्या लागणार.