दहा टनी क्रेनचा रोप का टिकत नव्हता

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी मेंटेनन्स बघतो. साचे करायच्या मोल्डिंग विभागावरची १० टनी ईओटी क्रेन (वर रुळांवर धावणारी विजेची क्रेन) दिवसभर साच्यांचे बॉक्स आणि गरम कास्टिंग उचलत असते. तिच्यावर पावसाळ्याआधी घातलेला वायर रोप, म्हणजे पोलादी तारांचा दोर, दिवाळीच्या आत खराब झाला. खरेदी विभागाने निष्कर्ष काढूनच ठेवला होता: माल हलका, सप्लायर बदला.

माल हलका होता की नाही, हे सांगणार कोण? पर्चेस ऑर्डरवर फक्त "वायर रोप १६ मिमी" एवढंच लिहिलेलं. एवढ्यावर दुकानदार काहीही देऊ शकतो, आणि त्याने फायबर कोअरचा रोप दिला होता. मधला गाभा दोऱ्याचा. गरम कास्टिंगच्या वर तासन्‌तास राबणाऱ्या रोपाला तो चालत नाही. गाभा सुकतो, दबतो आणि बाहेरचे पदर (तारा पिळून केलेले पेड) एकमेकांवर घासायला लागतात.

यावेळी मीच लिहून दिलं: १६ मिमी, ६×३६ (सहा पदर, प्रत्येकात ३६ तारा), स्टील कोअर, १७७० ग्रेड (तारेच्या ताकदीचा आकडा), आयएस २२६६ या भारतीय मानकाप्रमाणे, टेस्ट सर्टिफिकेटसह. हिशेब साधा आहे. १० टन लोड आणि हुक ब्लॉकचं (हुक आणि त्याच्या पुल्यांचं) वजन चार फॉलवर, म्हणजे रोपाच्या चार लोंबत्या पदऱ्यांवर, वाटलं जातं, म्हणजे एका फॉलवर अडीच टनांपेक्षा थोडं जास्त. असा रोप तुटायला सोळा टनांवर ताण लागतो. सेफ्टी फॅक्टर सहाच्या पुढे जातो. ६×१९ घेतला असता तर घासायला तो जास्त चिवट, पण बारीक तारांचा ६×३६ पुलीवरून जास्त सहज वाकतो, आणि आमची क्रेन दिवसभर वर-खालीच करते.

नवा रोप आला, पण तो चढवायच्या आधी जुना नीट बघायचा होता. आमचे फिटर मामा व्हर्नियर घेऊन बसले. रोपाचा व्यास पदरांच्या उंचवट्यांवर मोजायचा असतो, दोन पदरांच्या मधल्या खाचेत नाही. नवीन पोरं हमखास खाचेत जबडा लावतात आणि माप कमी दाखवतात. माप १५.१ आलं. फार वाईट नाही. मूळ मापापेक्षा सात टक्के कमी, म्हणजे १४.९ च्या खाली गेला की आम्ही विचार न करता काढतो. पण तुटलेल्या तारा भरपूर होत्या, आणि माथ्यावर कमी, पदरांच्या बगलेला जास्त. ते बघून मामा म्हणाले, "सायेब, रोपाला शिव्या देऊ नका. पुलीत गेज घालून बघा की."

खोबणीची गोलाई तपासायचा गेज घातला. १६ मिमीच्या रोपाला पुलीच्या खोबणीची त्रिज्या साधारण साडेआठ ते पावणेनऊ मिमी हवी. हुक ब्लॉकच्या दोन्ही पुल्यांत गेज तळाला टेकेचना, वरच अडकला. झिजून बारीक झालेल्या रोपांनी वर्षानुवर्षं खोबणी आपल्या मापाची करून ठेवली होती. तिच्यात नवा, पुऱ्या मापाचा रोप घातला की तो दोन्ही बाजूंनी चिमटला जाणार. तळाला तर जुन्या पदरांचे ठसेही उमटलेले. बोट फिरवलं की करवतीसारखे लागत होते. इथे कोणताही रोप टिकला नसता.

उद्यमनगरातून ड्रॉइंगप्रमाणे पुल्या टर्न करून आणल्या, बेअरिंगही बदलले. या कामात उत्पादनवाल्यांशी रोज भांडण झालं, ते सोडून देतो.

वरची इक्वलायझर पुलीही (रोपाच्या दोन्ही बाजूंचा ताण सारखा ठेवणारी) उघडून बघितली. ती फारशी फिरत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. पण रोप तिथे कायम एकाच जागी वाकलेला असतो, आणि गंज नेमका तिथेच आत धरतो. आमच्याही जुन्या रोपाचा तेवढा तुकडा लालभडक निघाला.

चढवायचं काम सुट्टीच्या दिवशी घेतलं. रीळ स्टँडवर ठेवून फिरवतच रोप सोडला. जमिनीवर पडलेल्या वेटोळ्यातून ओढला की पीळ बसतो, आणि एकदा कडी पडून रोप मोडला की तो कितीही सरळ करा, भंगारच. फाउंड्रीत जमिनीवर वाळू, म्हणून आधी ताडपत्री अंथरली. ग्रीसला वाळू चिकटली की रोप आतून घासत राहतो. कापायच्या जागी दोन्ही बाजूंना बाइंडिंग तार घट्ट गुंडाळून मगच कटर लावला. हुक जमिनीला टेकल्यावरही रोप गुंडाळणाऱ्या ड्रमवर दोन्हीकडे दोन-दोन पूर्ण वेढे उरतात ना, ते मोजलं. मग आधी रिकामा हुक, नंतर टनभराचा बॉक्स घेऊन बराच वेळ वर-खाली केलं, म्हणजे पदर आपापल्या जागी बसतात.

कायद्याप्रमाणे वर्षातून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासणी लागतेच. तेवढ्यावर आम्ही थांबत नाही. दर महिन्याला क्रेन बंद करून रोपावर चिंधी फिरवतो. तुटलेली तार असेल तिथे चिंधी अडकते. जिथे अडकली तिथे ९६ मिमी, म्हणजे व्यासाच्या सहापट लांबीत, किती तारा तुटल्यात ते मोजून वहीत लिहितो. वंगण ब्रशने पातळ लावतो. जाड ग्रीस थापलं तर वरून चकचकीत दिसतं, आत काही जात नाही.

जुन्या रोपावर फेटलिंगवाल्यांचा (कास्टिंग घासून साफ करणाऱ्यांचा) डोळा होता, त्यांना स्लिंग, म्हणजे माल बांधून उचलायचे दोर, करायचे होते. मी गॅस कटरने त्याचे हातभर तुकडे करायला लावले आणि त्याच संध्याकाळी भंगारात टाकले.