तंबोऱ्याचा दोरा आणि चमच्यातला च

शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला की शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहून पाठवा, तेव्हा पहिले पंधरा दिवस मी तो मेसेज बघितलाच नाही असं दाखवलं. कारण मी नक्की काय काम करते ते मला घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. आई शेजारणींना सांगते "बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते", सासरी सांगतात "कॉम्प्युटरमध्ये आहे", आणि दोन्ही चूक. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर, आणि मुंबईत एका कॉलेजात स्पीच अँड हिअरिंगच्या मुलांना, म्हणजे बीएएसएलपी ही डिग्री करून जे पुढे ऐकणं तपासणारे ऑडिओलॉजिस्ट नाहीतर स्पीच थेरपिस्ट होतात त्यांना, सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे आवाज मोजून त्यात काय काय आहे ते काढण्याचं गणित, शिकवते. मुलं म्हणजे बहुतेक मुलीच. आणि त्यातल्या बहुतेकींनी बारावीला गणित सोडून बायो घेतलेलं असतं, म्हणजे माझ्या विषयापासून पळून आलेल्या.

पहिल्या वर्षी मला इंजिनियरिंगला जसं शिकवलं तसंच मी सुरू केलं. फळ्यावर सरळ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाचं इंटिग्रल. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तो लांब एस कशाचा?" मला आधी हसू आलं आणि मग वाटलं, बरोबरच विचारलं की, ते चिन्ह खरंच लांब ओढलेला एसच आहे, लायबनित्झ या गणितज्ञाने लॅटिन 'सुम्मा' म्हणजे बेरीज या शब्दातला घेतलेला. मी ते सांगितलं, तिने लिहून घेतलं, बाकीच्यांनी तेवढंही लिहून घेतलं नाही. त्या वर्षी माझ्या पेपरात किती जणी नापास झाल्या तो आकडा मी इथे छापणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मिरजेला आले होते. तुम्हाला माहितीच आहे, शाळेत जायचा आपला शॉर्टकट सतारमेकर गल्लीतून. माझ्या वर्गातल्या एका मित्राच्या घरी तंबोरे बनवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं, आता २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे या गावाचीच खास वस्तू असा सरकारी शिक्का, मिळाल्यापासून तो जरा भाव खातो ती गोष्ट वेगळी, पण लहानपणी आम्ही शाळा सुटली की तिथे भोपळ्यांच्या ढिगाशेजारी बसायचो आणि काका जवारी, म्हणजे तारेचा गुंजता आवाज, लावत असायचे. तार छेडायची, घोडीवर, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या पट्टीवर, तारेखाली सुती दोरा सरकवायचा, परत छेडायची, दोरा केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी आला की मेलेली तार एकदम बोलायला लागायची. त्या दिवाळीत मी सहज फोनवर ते रेकॉर्ड केलं, दोऱ्याशिवाय आणि दोऱ्यासकट, आणि रात्री लॅपटॉपवर दोन्हीचा स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कुठली कंपनं किती त्याचा आलेख, काढला. सूर तोच, सा जिथल्या तिथे, पण दोऱ्याशिवायच्या तारेत खालची चारपाच टोकं धड दिसतात आणि पुढे सगळं मिणमिणतं, आणि दोरा बरोबर बसला की वरपर्यंत हार्मोनिक्सची, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांची, रांगच्या रांग उभी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीवर पेपर लिहिलाय. नेहमीच्या तारेचा नियम असा की हार्मोनिक जिथे स्थिर असतो बरोबर तिथेच छेडलं तर तो हार्मोनिक उमटायला नको, आणि तंबोऱ्यात तोही ठणठणीत ऐकू येतो हे त्यांनी दाखवलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग त्यात लिहायचं काय?"

सुट्टीनंतर पहिल्या तासाला इंटिग्रल नाही, ती दोन रेकॉर्डिंग. कुठल्या कंपनात किती ताकद आहे ते वेगवेगळं काढून दाखवायचं, बस, फूरियेने एवढंच केलं, आणि तेही आवाजासाठी नाही, धातूतून उष्णता कशी पसरते ते शोधताना, पुस्तक १८२२ चं. आणि आपल्या कानात जो गोगलगायीच्या शंखासारखा कॉक्लिया असतो तो हेच काम जन्मापासून करतोय, दाराशी बारीक आवाज, आत टोकाला खर्ज, सगळा पडदा जेमतेम पस्तीस मिलिमीटर. हे शेवटचं त्या मुलींना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, बायोवाल्या ना! पहिल्यांदाच वर्गात मी विचारायचे आणि त्या सांगायच्या.

आता मराठीच्या बाई. नाव छापायचं नाही असं त्यांनी फोन करून बजावलंय म्हणून नुसतं बाई. पाचवीत त्यांनी आम्हाला क ख ग घ म्हणायला लावून तोंडासमोर तळहात धरायला सांगितलेला, ख ला आणि घ ला हवा लागते ते महाप्राण, आणि मग गळ्यावर दोन बोटं, ग ला आणि घ ला थरथर लागते ते घोष. आम्हाला तो पीटीचा तास वाटायचा. आज मी प्राट उघडते, अ‍ॅमस्टरडॅमच्या दोघांनी केलेलं, आवाजाचं चित्र काढणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, चित्रात खर्ज तळाशी आणि बारीक सूर वर, प्राट म्हणजे डचमध्ये बोल, आणि वर्गात एकीला क ख ग घ म्हणायला लावते. स्क्रीनवर क मध्ये तोंड उघडल्याचा ठोका आणि लगेच स्वर, ख मध्ये ठोक्यानंतर श्वासाचा करडा पट्टा, ग मध्ये ठोक्याच्या आधीपासूनच तळाशी गळ्याची थरथर, घ मध्ये दोन्ही. बाईंचा तळहात आणि बाईंची दोन बोटं, मिलिसेकंदात मोजलेली. एवढंच की खिडकी, म्हणजे एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा तपासायचा तो, लहान ठेवावी लागते, पाच मिलिसेकंदांची. मोठी, तीसेक मिलिसेकंदांची घेतली की हार्मोनिक्स छान सुटे दिसतात पण ठोका कुठे झाला ते पुसट होतं. दोन्ही एकदम मिळत नाही, कितीही महागडं सॉफ्टवेअर घ्या.

सगळ्यात धमाल च ची. चहातला च आणि चमच्यातला च वेगळा हे आपल्याला कधी कोणी शिकवलंच नाही, लिहितो एकच, बोलतो दोन. स्क्रीनवर चमच्याच्या च ची फस्स वरती, चहाच्या च ची बरीच खालपासून सुरू. वर्गातल्या लखनौच्या मुलीने चहा आणि चमचा म्हटलं आणि दोन्ही च सारखेच आले, तेव्हा मराठी मुली अशा काही हसल्या की मला त्यांना सांगावं लागलं, उद्या हिंदी घरातल्या पोराला हा उच्चार दोष म्हणून थेरपी देऊ नका म्हणजे झालं.

तसंच एकदा होता होता राहिलं. एका विद्यार्थिनीने प्रोजेक्टसाठी सहा वर्षांच्या मुलाचं बोलणं फोनच्या कुठल्याशा अ‍ॅपवर रेकॉर्ड केलं, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की याच्या स मध्ये आवाजच नाही. मी बघितलं तर खरंच नाही, चार हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला चार हजार कंपनांच्या, वर सगळं कोरं. अ‍ॅप सेकंदाला आठ हजार सॅम्पल घेत होतं, म्हणजे आवाज आठ हजार वेळा मोजत होतं! जितके सॅम्पल त्याच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज हाताला लागतो, आणि स ची सगळी मजा चार हजाराच्या वर. पोरगं अगदी ठणठणीत स म्हणत होतं. चूक तिची नाही, माझी, कारण हा भाग मी "सोपाय, वाचून घ्या" म्हणून सोडलेला. आता पहिला महिना मी सॅम्पलिंगवरच घालवते.

डेसिबलवर, म्हणजे आवाज किती मोठा ते मोजायच्या मापावर, मी फार लिहित नाही, साठ डेसिबलचा एक मिक्सर आणि साठचा दुसरा एकदम लावला तर एकशेवीस नाही, त्रेसष्ट होतात, आणि हे दरवर्षी निम्म्या वर्गाला पटत नाही एवढं पुरे.

पण पाढ्यांचं सांगायलाच हवं. एबीआर नावाची टेस्ट असते, तान्ह्या बाळाला ऐकू येतं का ते त्याला विचारता येत नाही, मग झोपवून डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे आणि कानात टक् टक् क्लिक द्यायचे. त्यावर मेंदूकडून येणारं उत्तर एक मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी, आणि मेंदूची बाकीची गडबड त्याच्या कितीतरी पट. म्हणून दोनेक हजार क्लिक देऊन सगळ्याची सरासरी काढतात. का, हे समजवताना मला चौथी ब आठवते. आम्ही चाळीस जण एका सुरात बे चोक आठ म्हणायचो आणि मधेमधे प्रत्येकाची आपापली कुजबुज चालू, पण हेडसरांना व्हरांड्यात फक्त पाढे ऐकू यायचे. एका ठोक्यावर म्हटलेलं चाळीसपट होतं, आणि कुजबुज ज्याची त्याची भलत्या वेळी म्हणून ती चाळीसच्या वर्गमुळाइतकीच, म्हणजे सहापट वाढते. दोन हजार क्लिकला हाच फायदा साधारण पंचेचाळीसपट. हे सांगितल्यापासून वर्गमूळ बघून कोणी तोंड वाकडं करत नाही.

बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. मागे फोनवर म्हणाल्या, "तुम्ही सगळे हल्ली पुटपुटायला लागलात." वयाने कान जातात ते वरच्या, म्हणजे बारीक सुरांच्या, बाजूने जातात, अ आ ई खालचे आणि दणदणीत म्हणून ते येत राहतात, स श थ फ वरचे आणि मुळातच नाजूक, ते आधी जातात, म्हणून माणूस म्हणतो ऐकू येतं पण कळत नाही. त्यात साधा फोन म्हणजे तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ. ज्यांनी आम्हाला श आणि ष वरून वर्गाबाहेर उभं केलं त्यांना मी हे सगळं फोनवर ओरडून सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, ओरडू नकोस, मी बहिरी नाहीये. तेही बरोबरच, ओरडलं की स्वर मोठे होतात, स तिथेच राहतो. कानाचं मशीनही नुसतं सगळं मोठं करणारं नको, हळू आवाज जास्त वाढवणारं आणि मोठा आवाज आवरून धरणारं हवं. मशीन त्यांनी घेतलंय, कपाटात आहे, सेटिंग करून घ्यायला दोनदा जायचं होतं त्या एकदाच गेल्या.

तर महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी विज्ञान प्रदर्शनात दहावी अ च्या वर्गात मी लॅपटॉप आणि बरा माईक घेऊन बसणार आहे. येईल त्याने चहा आणि चमचा म्हणायचं, प्रिंट घरी न्यायची. बाईंना रिक्षाने आणायचं काम आमच्या बॅचने घेतलंय, येताना मशीन कानात घालून आणा एवढं बघा कोणीतरी. मित्र तंबोरा आणतोय, दोरा मात्र आपापला आणा म्हणतो.