दोन खिळे

आमच्या घरापासून वीसेक मिनिटांवर वुस्टर नावाचं शहर आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या या नावाच्या स्पेलिंगमधली निम्मी अक्षरं उच्चाराच्या वेळी काहीच करत नाहीत, लग्नातल्या दूरच्या पाहुण्यांसारखी नुसती बसून असतात. तिथं सॅलिसबरी स्ट्रीटवर घुमटाची एक विटांची इमारत आहे. कोथिंबीर आणि गव्हाचं पीठ आणायला जाताना कित्येक वर्षं मी तिच्यावरून गेले, पण आत जावंसं कधी वाटलं नाही. अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी या नावातच धूळ आहे, असं वाटायचं. अमेरिकेत छपाई सुरू झाली तेव्हापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत जे जे छापलं गेलं ते गोळा करणं हे या ग्रंथालयाचं काम, आणि १८१२ पासून ते चालू आहे.

शेवटी एका हिवाळ्यात गेले. कोट, पिशवी आणि पेन बाहेरच्या कपाटात. आत फक्त पेन्सिल. हात धुऊन कोरडे करायचे. सिनेमात दाखवतात तसे पांढरे हातमोजे देतील या आशेवर मी होते, पण ते नाहीतच. हातमोज्यात बोटांना पानाची जाडी कळत नाही, उलट पान फाटतं म्हणे. पुस्तक मात्र उशीवर ठेवून उघडतात. आमच्या आजोबांनाही कुणी इतकं अलगद टेकवलं नसेल.

इथलं सगळ्यात मिरवायचं पुस्तक म्हणजे ‘बे साम बुक’, ख्रिस्ती स्तोत्रांचा संग्रह. आज अमेरिका म्हणतात त्या मुलखात छापलेलं हे सर्वांत जुनं शिल्लक पुस्तक, १६४० सालचं. त्याच्यामागची गोष्ट मला पुस्तकापेक्षा आवडते. इंग्लंडहून छापखाना घेऊन निघालेले पाद्री जोस ग्लोव्हर बोटीवरच वारले. त्यांची विधवा एलिझाबेथ मुलं आणि यंत्र घेऊन पुढं आली आणि मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिजला छापखाना उभा राहिला. तो चालवणारा स्टीफन डे मुळात कुलपं करणारा. डाव्या पानांच्या माथ्यावर ‘साम’ एका स्पेलिंगनं आणि उजव्या पानांवर दुसऱ्या, असा कारभार. १,७०० प्रती काढल्या, त्यातल्या ११ उरल्या. त्यातली एक २०१३ साली लिलावात १ कोटी ४१ लाख ६५ हजार डॉलरला गेली. मुद्रितशोधकांनी मनाला लावून घेऊ नये.

पण मी मागवलं होतं ते अठराव्या शतकातलं साधं पंचांग. तिथं त्याला अल्मनॅक म्हणतात. सूर्योदय, चंद्राच्या कला, भरती-ओहोटी, कोर्टाच्या तारखा, हवामानाचे अंदाज आणि जागा उरली तिथं चार सुभाषितं. बेंजामिन फ्रँकलिननंही ‘पुअर रिचर्ड’ या नावानं २५ वर्षं असलं पंचांग काढून चांगला पैसा केला. माझ्यासमोरच्या पंचांगात मालकानं मध्ये मध्ये कोरी पानं शिवून घेतली होती आणि त्यांवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: बर्फ किती, गाय कधी व्याली, कुणाकडून किती येणं. पान हाताला कागदासारखं लागतच नव्हतं. तेव्हाचा कागद चिंध्यांचा. छापखानेवाले वर्तमानपत्रात जाहिराती देऊन घरोघरच्या चिंध्या मागवायचे. म्हणजे मी कुणाच्या तरी विटलेल्या सदऱ्यावर गाईच्या बाळंतपणाची नोंद वाचत होते. हा कागद अजून मऊ आहे. त्याच्यानंतर शंभर वर्षांनी आलेला लाकडाच्या लगद्याचा कागद मात्र पापडासारखा मोडतो.

वरच्या कोपऱ्यात भोक होतं. दोरी ओवून चुलीजवळच्या खिळ्याला टांगायचं. १७९२ मध्ये सुरू झालेला ‘ओल्ड फार्मर्स अल्मनॅक’ इथं दुकानात अजूनही मिळतो, आणि त्याच्या कोपऱ्यात अजूनही भोक असतं.

गंमत अशी, की जाडजूड प्रवचनांची पुस्तकं धडधाकट उरली आहेत, कारण ती आदरानं फळीवर ठेवली गेली आणि फळीवरच राहिली. ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ हे मुलांचं अंकलिपीसारखं पुस्तक. सतराव्या शतकाच्या शेवटी बोस्टनमध्ये निघालं आणि पुढं घराघरांत गेलं. त्याची आज हाती असलेली सर्वांत जुनी प्रत १७२७ ची. आधीच्या सगळ्या पोरांनी खाल्ल्या. चाटल्या, चुरगळल्या, धाकट्याला दिल्या, धाकट्यानं फाडल्या. ज्या पुस्तकावर लोक अक्षरं शिकले तेच सापडत नाही.

हे ज्या माणसाला वेळीच कळलं त्यानंच हे ग्रंथालय काढलं. आयझाया थॉमस सहा वर्षांचा असताना छापखान्यात उमेदवारीला लागला आणि नीट वाचता येण्याआधी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला शिकला. (भिंतीतलाही खिळा आणि छापखान्यातलाही खिळाच. मराठीनं हे फार बरं केलंय.) १७७५ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्याची लढाई पेटायच्या थोडेच दिवस आधी त्यानं बोस्टनमधून आपलं यंत्र रात्री गुपचूप हलवलं आणि वुस्टरला आणलं. ते यंत्र याच इमारतीत आहे. म्हातारपणी त्यानं बोस्टनच्या एका छापणाऱ्याकडून रस्त्यावर विकली जाणारी तीनशेहून अधिक गाण्यांची पानं एकदम विकत घेतली. खून, फाशी, बुडालेली जहाजं, फसलेली प्रेमं. ती तीन खंडांत बांधली आणि वर नोंद केली, की सामान्य लोकांना सध्या काय आवडतं ते दिसावं म्हणून. साल १८१४. घरातल्या शहाण्यांना रद्दी वाटली असणार.

त्याच सुमारास याच मॅसॅच्युसेट्समधला गॉर्डन हॉल हा मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरला. त्याच्या मिशननं पुढं तिथं छापखाना घातला, मराठी छापायला. तो पाहून पाहून मुंबईच्याच गणपत कृष्णाजींनी स्वतःचं यंत्र केलं, स्वतःचे खिळे केले. छापलेल्या कागदाला शिवायला लोक कचरत, शाईत चरबी असते म्हणून. यांनी तुपाची शाई केली. आणि मग छापलं काय? पंचांग. पुस्तक मिटताना माझ्या डोक्यात हेच घोळत होतं आणि समोर कुणी मराठी नव्हतं.

म्हणून घरी येऊन पुण्याला फोन लावला.

“आई, मागच्या वर्षीचं कॅलेंडर आहे का गं, खिळ्यावरचं?”

“ते? फडताळात अंथरलं डब्यांखाली. का?”

“त्यावर दुधाचे खाडे लिहिलेले असतील ना?”

“असतील की. पण तो दूधवाला बदलला आता. हिशेब झालाय त्याचा.”

“फेकू नकोस.”

“तेल सांडलंय त्याच्यावर,” आई म्हणाली. “मार्चपर्यंतचं बघ हवं तर.”