निघण्याआधीची पंधरा मिनिटं

साडेसहाला लॅपटॉप मिटून धावत लोकल पकडली की अर्धवट राहिलेलं काम दादरपासून डोंबिवलीपर्यंत सोबत येतं. जेवतानाही ते डोक्यात असतं आणि अंथरुणात तर त्याला रान मोकळं मिळतं. म्हणून संध्याकाळच्या विश्रांतीची तयारी ऑफिसातच करावी लागते.

मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये एक फार उपयोगाची गोष्ट दाखवली. अपुरं काम मनात घुटमळत राहतं हे खरं, पण ते कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरलं की काम पूर्ण न होताही ते घुटमळणं ओसरतं.

त्यासाठी रोजच्या कॅलेंडरमध्ये शेवटची पंधरा मिनिटं अडवून ठेवा. अडवली नाहीत तर कुणीतरी तिथे मीटिंग टाकतंच. या वेळात नवी मेल उघडू नका, कारण एका उत्तरातून तीन नवी कामं निघतात. कागद घ्या आणि प्रत्येक अपुऱ्या कामापुढे लिहा: कुठे थांबलो, उद्याची पहिली कृती कोणती, कुणाकडून काय यायचं आहे. नोंद मोघम असेल तर सगळी मेहनत वाया. ‘जीएसटीचं बघणे’ असं लिहिलं तर मन रात्रभर तेच बघत बसतं. ‘खरेदीची बिलं जीएसटीआर-2बीशी ताडली, 41 नंबरपासून पुढची राहिली, सकाळी 10 ला सुरू’ असं लिहा.

हीच यादी झोपण्यापूर्वी केली तरी चालते. बेलर विद्यापीठातल्या प्रयोगात (2018) पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे 9 मिनिटं आधी झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. तरीही आमचं मत ऑफिसातच लिहिण्याचं, म्हणजे संध्याकाळही हाती लागते.

आता फोन. व्हॉट्सॲपवर ऑफिसचा ग्रुप म्यूट करताना 8 तास, 1 आठवडा आणि कायम असे पर्याय येतात. ‘कायम’ निवडा, 8 तासांचं म्यूट रोज करायचं राहून जातं. आणि सहकाऱ्यांना आधीच सांगा, ‘तातडीचं असेल तर फोन करा.’ हे सांगितलं नाही तर काहीतरी सुटेल या धास्तीने तुम्हीच दर दहा मिनिटांनी ग्रुप उघडाल. कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याच्या हक्कासाठी 2018 मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झालेला नाही, तेव्हा ही मर्यादा वरिष्ठांशी बोलूनच ठरवावी लागते.

घरून काम करणाऱ्यांना प्रवासाचं अंतर मिळत नाही. लॅपटॉप कपाटात ठेवा (जेवणाच्या टेबलावर नको), कपडे बदला, इमारतीला दोन फेऱ्या मारून मगच ‘घरी या’.

सोनेन्टाग आणि फ्रिट्झ यांनी 2007 मध्ये थकवा भरून काढणारे चार अनुभव मांडले: कामापासून मनाने सुटणं, शरीर सैल सोडणं, काहीतरी नवं जमणं आणि वेळ आपल्या मर्जीने घालवणं. तिसऱ्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. दमलेल्या माणसाला तबल्याचा रियाज किंवा पोहणं जास्तीचं काम वाटतं, पण लक्ष पूर्ण गुंतलं की ऑफिसला जागाच उरत नाही. रील्समध्ये ते होत नाही. बोट सरकत राहतं आणि मन साहेबांशी भांडत राहतं. घरी ऑफिसबद्दल जरूर बोला, पण दहाएक मिनिटं. तेच गाऱ्हाणं तिसऱ्यांदा सांगितलं की राग पुन्हा ताजा होतो.

संध्याकाळी पाचची कॉफी टाळा. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 5 तास लागतात. झोपेच्या तास-दोन तास आधी 40 ते 42 अंशांच्या पाण्याने दहा मिनिटं अंघोळ करा. हातापायांकडे रक्त धावतं, आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते. अगदी झोपताना केली तर अंग तापलेलंच राहतं.

सगळ्यात जास्त ताण असतो त्याच दिवशी हे सगळं सुटतं. त्या दिवशी पंधराऐवजी पाच मिनिटं घ्या, प्रत्येक कामाची फक्त उद्याची पहिली कृती लिहा आणि निघा.