लिफ्टचं दार

कॉलेजात असताना एका मैत्रिणीशी माझं एका सिनेमाच्या शेवटावरून चांगलंच वाजलं होतं. ती म्हणायची, शेवट गोड आहे. नायक-नायिका गाडीत बसून हिरव्यागार डोंगरांमधून निघून जातात, वर लख्ख आभाळ, झालं. मी म्हणायचे, कसले डोंगर नि कसलं आभाळ? अख्खा सिनेमाभर रात्र आणि पाऊस. शेवटी दोघं लिफ्टमध्ये शिरतात, दार लागतं, अंधार. संपलं. "तुला शेवटी डुलकी लागली असणार," असं तिने मला सुनावलं. "आणि तू जागेपणी स्वप्नं बघतेस," असं मी तिला. हा वाद वर्षभर तरी पुरला. मधेच दुसऱ्याच कशावरून तरी बोलणं चालू असायचं आणि ती हळूच म्हणायची, "डोंगर होते."

डोंगर होते. लिफ्टही होती. आम्ही दोघींनी वेगवेगळे सिनेमे पाहिले होते, नाव तेवढं एक.

सिनेमा होता 'ब्लेड रनर'. १९८२ साली तो आला तेव्हा निर्मात्यांनी आधी काही प्रेक्षकांना गोळा करून दाखवून पाहिला होता. लोक गोंधळले. कोण कुणाला का मारतंय कळेना, आणि शेवट तर अंगावर आला. मग घाईघाईने दुरुस्त्या झाल्या. नायकाच्या आवाजात निवेदन घातलं, म्हणजे ज्याला कळत नाही त्याला कळावं. शेवटाला डोंगरांतून जाणारी गाडी जोडली. त्यातली हवाई दृश्यं स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द शायनिंग'साठी काढलेल्या पण तिथे न वापरलेल्या फिल्ममधली. म्हणजे माझ्या मैत्रिणीला ज्या डोंगरांनी एवढा दिलासा दिला, ते एका भयपटातून उरलेले होते! हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं आणि मी तिला लगेच फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे होते ना?"

एवढं करूनही सिनेमा काही चालला नाही. त्याच्या दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा 'ई.टी.' आला होता. त्यातला परग्रहावरचा पाहुणा मुलांशी दोस्ती करतो, घरी जायचं म्हणतो, आणि थिएटरात सगळे रुमाल काढतात. त्या उन्हाळ्यात लोकांना आभाळातून येणारं काही हवं असेल तर ते हे होतं. सतत पाऊस पडणारं, धुराने भरलेलं, माणूस कोण आणि यंत्र कोण हेच न कळणारं शहर बघायला कोण कशाला जाईल? मी तरी गेले असते का, शंकाच आहे.

नंतर निवेदन आणि डोंगर दोन्ही काढून टाकलेली आवृत्ती १९९२ मध्ये आली, आणि दिग्दर्शकाच्या मनासारखी शेवटची २००७ मध्ये. दहा वर्षांपूर्वी ज्याला नाकं मुरडली त्याच सिनेमाला लोक आता डोक्यावर घ्यायला लागले. यात लोक शहाणे झाले असं मला वाटत नाही. सिनेमाही बदलला होता आणि बघणारेही. त्यामुळे आधीच्यांना मूर्ख ठरवायची काही गरज नाही.

अशा सिनेमांचं नशीबच असं असतं बहुधा. विनोदी सिनेमात सगळे साधारण एकाच जागी हसतात. डिस्टोपियन सिनेमात, म्हणजे ज्यात उद्याचं जग बिघडलेलं असतं त्यात, प्रत्येक जण आपापल्या जागी घाबरतो. आणि न घाबरणारे चिडतात. फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' १९२७ मध्ये आला, वर श्रीमंतांचे मनोरे आणि जमिनीखाली राबणारे मजूर. तो पाहून सगळ्यात जास्त कोण वैतागलं असेल, तर एच. जी. वेल्स! ज्याने आयुष्यभर भविष्याच्याच गोष्टी लिहिल्या त्या माणसाने 'इतका बिनडोक सिनेमा मी पाहिला नाही' अशा अर्थाचं परीक्षण लिहिलं. माझा संशय असा, की दुसऱ्याचं भविष्य आपल्या भविष्यासारखं नसलं की त्यातल्या तज्ज्ञालाच जास्त राग येतो.

बरं, बघणाऱ्यांचं सोडा. 'ब्लेड रनर'चा नायक स्वतः जन्मलेला माणूस आहे की माणसासारखाच बनवलेला कृत्रिम, यावर तो करणाऱ्यांचंही एकमत नव्हतं. दिग्दर्शक रिडली स्कॉट म्हणतो कृत्रिम, आणि ती भूमिका करणारा हॅरिसन फोर्ड वर्षानुवर्षं माणूस म्हणत होता. मग मी आणि माझी मैत्रीण तेवढ्याशा डोंगरावरून भांडलो तर काय बिघडलं?

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण म्हणजे परवा हा सिनेमा घरी लागला. भाच्याला दाखवायचा म्हणून मी लावला, आणि आई-बाबा आपसूक येऊन बसले. सुरुवातीलाच अक्षरं आली : लॉस एंजेलिस, नोव्हेंबर २०१९.

"मावशी, हे तर होऊन गेलं की!" भाचा म्हणाला, आणि मग सुटलाच. गाड्या उडतात पण कुणाच्या हातात मोबाईल नाही. नायक एका बारमधून भिंतीवरच्या फोनवर बोलतो. फोनला पडदा आहे, समोरचं माणूस दिसतं, पण फोन भिंतीलाच! फोटोत खोल शिरून कोपऱ्यातलं बारीकसं काही मोठं करून दाखवणारं यंत्र आहे, आणि शेवटी ते छापील कागद बाहेर काढतं. एवढ्यात एका उंच इमारतीवर पॅन अॅम या विमान कंपनीची झगमगती पाटी दिसली. ती कंपनी १९९१ सालीच बंद पडली, हे मी उगाच सांगून बसले. मग तर त्याला हसायला निमित्तच लागेना. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "म्हणजे यांना वाटलं होतं तसं काहीच झालं नाही." त्याच्या आवाजात जरा निराशाही होती. उडत्या गाडीची असावी.

बाबांना आवडल्या त्या छत्र्या. गर्दीत लोक छत्र्या घेऊन चालतात, आणि छत्रीच्या दांडीत दिवा असतो, ट्यूबलाइटसारखा. "हे कुणी अजून का नाही काढलं?" असं विचारून त्यांनी डोळे मिटले. ते झोपले असं आम्ही धरून चाललो.

आई मात्र गुंतली होती. एक प्रसंग आहे. रेचल नावाची तरुणी नायकाच्या घरी येते. आपण माणूसच आहोत हे पटवायला तिने एक फोटो आणलाय, लहानपणीचा, आईबरोबरचा. नायक फोटोकडे धड बघतही नाही. तो तिला तिचीच एक आठवण सांगायला लागतो : खिडकीबाहेरच्या झुडपात एक कोळी होता, नारिंगी अंगाचा, हिरव्या पायांचा. उन्हाळाभर ती त्याला जाळं विणताना बघायची. मग एक दिवस जाळ्यात मोठं अंडं दिसलं. ते फुटलं, आणि शंभर पिल्लं बाहेर आली. पुढचं वाक्य ती स्वतःच पूर्ण करते : त्यांनी त्या कोळ्यालाच खाल्लं. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितलेली नसते. त्याला ठाऊक आहे, कारण ती आठवण तिची नाहीच. तिला बनवणाऱ्याच्या पुतणीची ती आठवण उचलून हिच्या डोक्यात बसवलेली आहे.

"हे तिला सांगायची काय गरज होती?" आई एकदम म्हणाली.

"अगं आजी, खरं तेच सांगितलं त्याने," भाचा म्हणाला.

"खरं आहे म्हणून काय तोंडावर मारायचं? फोटो होता ना तिच्याजवळ? राहू द्यायचा."

माझ्या नजरेसमोर आईचं कपाट आलं. त्यात एका पाकिटात तिच्या आईचा एक फोटो आहे, इतका पुसट झालेला की आता चेहरा दिसत नाही, नुसता पदराचा काठ दिसतो. आई तरी तो कधीकधी काढून बघते. कॉलेजात मी हा सिनेमा पाहिला होता, पण हा प्रसंग मला नीट आठवतसुद्धा नव्हता. मी तेव्हा उडत्या गाड्या आणि शेवट याच्यात अडकले होते. यंत्रांना भावना असतात का, असल्या मोठ्या प्रश्नांवर मी तावातावाने बोलायचे. आईने तो प्रश्न कुठेच विचारला नाही. रेचल रडतेय म्हटल्यावर तिच्या दृष्टीने विषय मिटला होता.

शेवटाकडे तो प्रसिद्ध प्रसंग आला. रॉय बॅटी, कृत्रिम माणसांचा म्होरक्या. त्यांना आयुष्य दिलेलं असतं मोजून चार वर्षांचं, आणि त्याचं संपत आलेलं असतं. ज्याच्याशी जीव तोडून लढला त्या नायकालाच तो गच्चीच्या कडेवरून वर ओढून घेतो, पावसात समोर बसतो आणि आपण काय काय पाहिलं ते दोन-चार वाक्यांत सांगतो. हे भाषण लांबलचक लिहिलेलं होतं. रुटगर हाउअर या नटाने ते स्वतःच छाटलं आणि पावसात मिसळणाऱ्या आसवांचं वाक्य पदरचं घातलं. हा हाउअरही २०१९ सालीच गेला, सिनेमातला रॉय जातो त्याच साली. भाचा आता हसत नव्हता. रॉयची मान खाली गेली आणि त्याच्या हातातलं पांढरं कबूतर वर उडालं.

मग लिफ्ट आली, दार लागलं, अंधार झाला. मी मनातल्या मनात मैत्रिणीवर कुरघोडी केली.

दिवा लावला तर बाबा टक्क जागे. कधीपासून, कुणास ठाऊक.

"त्याने ते कबूतर सोडलं," बाबा म्हणाले, "की हात सुटला?"

"सोडलं," आई म्हणाली.

"सुटलं," भाचा म्हणाला. "मेल्यावर पकड ढिली पडते, आजोबा."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी हा सिनेमा पाच-सहा वेळा पाहिलाय, त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्यांबद्दल मला कुणी विचारलं तर मी तासभर बोलेन. पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी रिमोट घेतला, जरा मागे गेले. पाऊस, हात, पिसं, मान. कळेना. पुन्हा मागे गेले. भाच्याने वेग कमी करून पाहिलं. आई चष्मा आणायला उठली.

"थांब, तिला येऊ दे," बाबा म्हणाले. "मग परत लाव."